एका पगाराची दोन गावं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत मी गिरगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि राहायला लालबागला, आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत. अशा खोल्या गिरणगावात पुष्कळ होत्या. कोकणातल्या एकाच गावचे पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत आणि पाळीप्रमाणे तिच्यात झोपत. बायकामुलं गावी. भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी, खाली ट्रंक, ट्रंकेपुढे वळकटी पसरण्यापुरती जागा. बाकीचे सगळे गिरणीत होते. कचेरीत जाणारा मी एकटाच.

दर महिन्याला राहणीखर्चाचा सरकारी निर्देशांक जाहीर होई. त्यावर गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ठरे. ती दोन-तीन ओळींची बातमी माझ्या टेबलावरून जाई. त्या दिवशी मी खोलीत शिरलो की माझा मावसभाऊ, जो गिरणीत विणकर होता, आडवा पडल्यापडल्याच विचारी,

"काय रे पेपरवाल्या, आकडो चढलो?"

"चढला."

"मगे आज बांगडे माझ्याकडून. तू पण खा. तुका खंय आसा भत्तो?"

सगळे हसत. मीही हसे. भाव चढले की त्यांची मिळकत मागोमाग चढे. उशिरा चढे, अपुरी चढे, पण चढे. माझा पगार ठरीव होता. गावात मात्र माझी नोकरी त्यांच्याहून वरची समजत, कारण माझे कपडे स्वच्छ असत.

लग्न झालं तेव्हा मी मनाशी एक रक्कम ठरवली होती. तेवढा पगार झाला की मुंबईत बिऱ्हाड करायचं. तेवढा पगार झाला, तेव्हा तो बिऱ्हाडाला पुरत नव्हता. मी रक्कम वाढवली. पुढे तीही गाठली, आणि तीही पुरेना. गणपतीला गावी गेलो की बायको "कधी?" विचारायची आणि मी नवी रक्कम सांगायचो. तिसऱ्या गणपतीला तिने विचारलं नाही.

चळवळ पेटली तसा आमच्या पेपरचा खप वाढला. संचारबंदीतही लोक अंक मिळवून वाचत. मालकांनी पगार वाढवले. त्याच सुमारास ठाकूरद्वारला एका पेन्शनर गृहस्थांनी आपली बाहेरची खोली पागडी न घेता द्यायचं कबूल केलं. असा योग त्या मुंबईत क्वचित येई. मी आगाऊ भाडं दिलं आणि बायकोला बोलावलं.

आमच्या खोलीचा रिवाज असा, की बिऱ्हाड करणाऱ्याने सगळ्यांना एकदा जेवण घालायचं आणि खुंटी सोडायची. बायको येण्याआधीच मी दोन्ही केलं. जेवताना मावसभाऊ म्हणाला, "आता वयनीच्या हातचा खा. परत हंय दिसलंस तर बघ." दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर गावचा दुसरा एक कामगार आला, आणि मी कचेरीतल्या बाकावर झोपू लागलो. चार दिवसांचाच प्रश्न होता.

ती वैशाखात बोटीने आली. मुलीला माझ्या आईजवळ ठेवून आली होती. काळाचौकीला तिच्या आत्याकडे उतरली. खोली पाहायला मी तिला घेऊन गेलो. तिने खिडकी उघडून पाहिली, मोरीपाशी उभी राहिली, कोनाड्यात हात फिरवून म्हणाली, "देव हंय बसतीत." मग तिने घरमालकिणीला नळाची वेळ विचारली, आणि कोळसा कसा मिळतो ते विचारलं.

पुढचे दोन दिवस ती माझ्याबरोबर बाजारातून हिंडली. नारळाचा भाव विचारला, तांदळाचा विचारला, मासळीचा विचारला. गावी मासे घेताना ती कोळणीला रडकुंडीला आणते, पण इथे तिने कुठेच घासाघीस केली नाही. भाव ऐकायची आणि पुढे चालायची. मला वाटलं, परक्या ठिकाणी संकोचली असेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौपाटीवर बसलो होतो.

"थंय तुमच्या मनीऑर्डरीत पाच माणसां जेवतत," ती म्हणाली. "घरार नवी कौलां चढली. पेरणीक गडी लावूक येता. वाडीत माका पैशेवाली म्हणतत."

मग ती माझ्याकडे वळली.

"हंय त्याच पैशात आपण तिघांनी रवाचा. आणि थंय आवशीक काय धाडतलात?"

"तुका येवचाच नाय काय?"

"येवचा होता म्हणान तर इलंय," ती म्हणाली. "खोली बरी आसा. पण ह्या पगारात नाय."

पगार पुढे वाढेल, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी दिलं नाही. दर महिन्याचा महागाईचा तो आकडा माझ्याच हातून छापायला जात होता. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि हिशेब तर बरोबरच होता. आमचं घर गावात सुखवस्तू होतं. मी मुंबईत एकटा राहून खाणावळीत जेवत होतो, तोवर ते सुखवस्तू राहणार होतं.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या बेतात होत्या. शेवटच्या काही बोटींपैकी एकीचं तिकीट मिळालं. भाऊच्या धक्क्यावर तिने मला विचारलं,

"जेवान दोन वेळचा घेतास मां?"

"घेतो."

"खोटा सांगू नकात. अंगावरचो सदरो ढिलो झालो हा. मनीऑर्डर थोडी कमी इली तरी चलात."

बोटीपर्यंत नेणारा पडाव भरला तशी ती उठून गेली. बोट लांब उभी होती. पडावातल्या बायका सगळ्या एका रंगाच्या दिसू लागल्यावर मी निघालो.

त्या रात्री लालबागला गेलो. माझ्या खुंटीवर दुसऱ्याचा सदरा होता. मला दारात पाहून मावसभाऊ उठला आणि आपली ट्रंक भिंतीकडे सरकवून त्याने वीतभर जागा केली. थट्टा त्याने केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ठाकूरद्वारला जाऊन पेन्शनर गृहस्थांना खोली नको म्हणून सांगितलं. ते भले होते. आगाऊ भाड्यातलं निम्मं परत देऊ केलं.

"बाईंना पसंत पडली नाही वाटतं?" त्यांनी विचारलं.

"पडली," मी म्हणालो.

ते पुढच्या वाक्याची वाट पाहत दारात उभे राहिले. मी जिना उतरून कचेरीत गेलो.