रक्षाताईंनी वापरून पाहिलेला फोन

नंदुरबारच्या बाजारात मोबाइलची दुकानं पैशाला पासरी आहेत, पण फोन घ्यायचा झाला की लोक आधी रक्षाताईंना विचारतात. त्यांचं दुकान माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागून. मधे एकच भिंत, त्यामुळे तिकडचं भांडण मला फुकटात ऐकू येतं. सासरे भांडी विकायचे, नवरा अभिनंदनशेठ फोन विकतो. माणसं मूळची राजस्थानातली, जैन. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, आणि मुलीच्या शाळेत, माझ्याशी किंवा काही गंभीर बोलायचं झालं की छापील मराठी.

ताईंची एक रीत आहे. मधल्या किमतीचा, म्हणजे आमच्याकडे खपतो तसला, कुठलाही नवा फोन आला की आधी तो त्या स्वतः वापरतात. पिठाच्या हातानं चालतो का, मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तापून बंद पडतो का, लाइट गेल्यावर टॉर्च किती पुरते, मोलगीच्या बाजारात जीपच्या गोंगाटात समोरच्याचा आवाज येतो का. सोयरीक जुळवताना कुणी एवढी चौकशी करत नाही. मग काउंटरमागे उभं राहून अहिराणीत व्हिडिओ करतात, आणि तो व्हिडिओ तापीकाठच्या गावांपासून वर तोरणमाळपर्यंत फिरतो. ताई म्हणाल्या ‘चांगला शे’ की झालं. डोळे झाकून लोक घेतात.

या जानेवारीत एक फोन त्यांच्या भारी मनात भरला. व्हिडिओ करताना मी समोरच होते. कॅमेऱ्याचं तर कोण कौतुक! "दखा," त्या म्हणाल्या, "आपला घरमा पिवळा बल्ब ऱ्हास, त्यामा सगळास्ना चेहरा पिवळा येस. हाऊ फोन तो पिवळापना काढी टाकस. चेहरा कसा, गुलाबना फूलनागत!" मी हसले. मला माझा चेहरा माहीत आहे, तो गुलाब करणारा फोन खरं बोलत नसणार, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण फोन धडाधड खपले.

त्यातला एक कामिनीकडे गेला. कामिनी म्हणजे तापीकाठच्या रूपचंदभाऊ गुजरांची मुलगी. केळीची बाग असलेलं घर, माझं जुनं गिऱ्हाईक. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा सुरतेला, म्हणून त्यानं बाळाचे फोटो रोज बघायला मिळावेत यासाठी ताईंच्या शब्दावर हा फोन घेऊन दिला. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी सोडलं, पाचवीही पुजून झाली.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या फोनवर बाळाचा फोटो आला आणि कामिनीचा आवाज. ताईंनी तो अख्ख्या दुकानाला ऐकवला. "रक्षाताई, तुम्ही सांगेल तो फोन एकदम भारी शे. पोर्‍याना फोटो दखा. आनि इतला शांत शे ना, रडसच नही. दूध पेवालेबी उठत नही, निस्ता झोपस." फोटोतलं बाळ खरंच गोरंगुलाबी होतं. सगळ्यांनी वाहवा केली. मीही म्हटलं, नशीबवान आहे कामिनी, माझ्या पोरांनी तर माझी झोप खाल्ली होती.

तासाभरानं मिरचीवाले मोतीलालभाऊ तरातरा आले. आमच्याकडे या दिवसांत गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत असते, सगळं शिवार लाल दिसतं. भाऊंनी मूठभर मिरची काउंटरवर आपटली. रंग उडालेली, पांढरट पडलेली, जिला व्यापारी फटकी म्हणतात ती.

"हाई मिरची दखा, आनि तुम्हना फोनमा तिना फोटो दखा!" फोटोत ती मिरची लालभडक होती. "मी पार्टीले हाऊ फोटो धाडा. पार्टी उनी, माल दखा, आनि मले भर बजारमा खोटारडा म्हने. मी खोटारडा का तुम्हना फोन?"

अभिनंदनशेठ त्यांना चहा मागवून गोड बोलू लागले. त्यांना वाटलं, ताई आता भाऊंना कॅमेऱ्याच्या खुब्या समजावून सांगतील. पण ताईंनी मिरची उचलली, तोच फोन घेतला, फोटो काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनिताताई, तुमच्याकडे हळद आहे?" माझ्या डब्यातल्या भाजीचा पिवळा रस होता, तोच त्यांनी स्वतःच्या गालाला फासला. मला वाटलं बाईला वेड लागलं. मागे जाऊन पिवळ्या बल्बखाली त्यांनी आपला फोटो काढला आणि मला दाखवला. गाल गुलाबी. पिवळा डाग नावालाही नाही.

कामिनीचा निरोप त्यांनी परत लावला. ‘दूध पेवालेबी उठत नही.’

"आमची जिया तान्ही असताना अशीच झोपायची," त्या म्हणाल्या. "दूध प्यायची नाही. अंग पिवळं झालं होतं. डॉक्टरांनी निळ्या दिव्याखाली ठेवलं, म्हणून वाचली. सुनिताताई, त्या खोलीत उजेड नसणार."

मग मलाही उमगलं. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे दारं-खिडक्या बंद, वारा नको, ऊन नको, कुणाची नजर नको. त्यात जानेवारीची थंडी. शेगडीचा धूर आणि एक मिणमिणता बल्ब. तिथे बाळ डोळ्यांना नीट दिसतच नाही. फोनवर मात्र लख्ख दिसतं. म्हणजे मांडीवरच्या लेकराला सगळं घर फोनमध्येच बघत होतं.

ताईंनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाळंतिणीच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून तिची आई, तापीबाई, दुपारी फोन कपाटात ठेवते, हे मला माहीत होतं. रूपचंदभाऊंचा फोन बंद. शेतात असणार. ताई जायला निघाल्या.

"तू कसाले जास?" अभिनंदनशेठ म्हणाले. "लोकस्ना घरमा जाईसन पोर्‍या बिमार शे सांगशी? काही नही निंघनं तं तोंडवर थुंकतीन. आनि निंघनं तं फोन कोनी इका?"

"मीच इका. मीच विकला," ताई म्हणाल्या आणि स्कूटरची किल्ली उचलली. मी दुकानाचं शटर ओढलं आणि मागे बसले. एकट्या गेल्या असत्या तर तापीबाईनं दारातूनच परत पाठवलं असतं. माझी त्या घरात ऊठबस आहे.

प्रकाशा गावाच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या रांगेनं चाललेल्या. एक संपली की दुसरी. ताई एरवी हळू चालवतात, मी त्यांना त्यावरून चिडवते. त्या दिवशी मी त्यांच्या कमरेला धरून देवाचं नाव घेत होते. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मीच सांगितलं होतं, पिवळेपणा काढून टाकतो."

तापीबाई ओट्यावरच बसली होती, दाराला कडुनिंबाचा डहाळा. मला बघून हसली, ताईंना बघून सावध झाली. ताईंनी आडवळण घेतलं नाही. म्हणाल्या, पोराला जरा उजेडात आणा, मला बघायचं आहे.

"उजेडमा?" तापीबाई उठून दारात उभी राहिली. "आजूक पोर्‍यानी नाळ नही पडनी. वारं लागी जाई. काय दखनं शे तुमले? फोटो दखा."

"फोटो नको. त्याला कावीळ झालेली असेल, मावशी."

हे ऐकल्यावर ती म्हातारी जी भडकली! "मन्हा दारमा उभी ऱ्हाईसन असं वंगाळ बोलस? लालबुंद पोर्‍या शे मन्हा!" तिनं आत जाऊन कपाटातून फोन आणला आणि बाळाचा फोटो ताईंच्या नाकासमोर धरला. "दख! कोठे शे पिवळा?"

मी मध्ये पडले, समजावलं, हात जोडले. काही उपयोग नाही. आतून बाळाचा आवाज नाही, कामिनी झोपलेली. आत घुसून मूल उचलून आणावं असं माझ्या मनात आलं. ताईंचेही पाय उंबऱ्याकडे सरकले होते, पण परक्याच्या घरात असं करता येतं का?

मग ताईंनी तापीबाईच्या हातातला फोन हळूच घेतला. "मावशी, तुमना एक फोटो काढू का?" म्हातारी बावचळली. नको म्हणता म्हणता तिनं पदर सारखा केला. रागातही फोटोला कोण नाही म्हणतं? ताईंनी फोटो काढून तिच्या हातात दिला.

तापीबाई बघत राहिली. सुरकुत्या गेल्या होत्या, गाल भरले होते. ती नकळत हसली. "आय वं! मी तं नवरीनागत दिखी ऱ्हायनू." मग फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तिचं हसू थांबलं. हनुवटीवर बोट गेलं.

"मन्हं गोंदन कोठे गयं?"

तिच्या हनुवटीवर हिरव्या ठिपक्यांचं गोंदण आहे, लहानपणी आईनं गोंदवून घेतलेलं. फोटोत हनुवटी कोरी होती.

"तुमच्या हनुवटीवर आहे," ताई म्हणाल्या, "फोननं पुसलं. तसंच पोराचंही पुसलं असेल, मावशी."

तापीबाईचा हात हनुवटीवरून निघेना. मग ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं पोर घेऊन ओट्यावर, दुपारच्या उन्हात आली.

मी बांगड्या विकते, रंग मला कळतो. तसला पिवळा रंग माणसाच्या अंगावर मी पाहिलेला नाही. ताईंनी कपाळावर अंगठा दाबून उचलला, खालची कातडी पिवळीच. छाती, पोट, तळपायसुद्धा. ताईंनी पापणी उचलली, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळदीसारखा. बाळानं हालचाल केली नाही. कामिनी दारात आली होती. तिनं पोराकडे बघितलं आणि किंकाळी फोडली.

त्यानंतर कुणी कुणाला समजावलं नाही. शेजाऱ्याच्या पोरानं धावत जाऊन रूपचंदभाऊंना आणलं, त्यांनी चिखलाच्या पायांनीच केळीची पिकअप काढली. पुढे कामिनी, तिच्याशेजारी ताई, मागे मी आणि तापीबाई. ताई बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारत होत्या, कामिनी दूध पाजायला बघत होती, दूध ओठांच्या कडेनं खाली येत होतं. ऊसवाल्यांना रूपचंदभाऊ शिव्या देत होते. तापीबाई मागे माझा हात धरून बसली होती, आणि हात इतका घट्ट होता की माझ्या दोन बांगड्या फुटल्या.

नंदुरबारच्या बालरोग दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि पोराला लगेच निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "मेंदूवर परिणाम होतो यात. उद्यापर्यंत थांबला असतात तर मला काही सांगता आलं नसतं. आताही रात्र जाऊ द्या."

ताई पायऱ्यांवर येऊन बसल्या आणि रडल्या. आवाज न करता, पण खूप. मी म्हटलं, तुम्ही नसता आलात तर? त्या म्हणाल्या, "मी नसते तर हा फोनच त्यांच्याकडे नसता." मग त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि तिथेच, सुजलेल्या डोळ्यांनी, व्हिडिओ केला. की ज्या फोनची मी तारीफ केली तो रंग खोटा दाखवतो, बाळाचा, आजाऱ्याचा आणि मालाचा फोटो त्यात बघू नका, बाळ उजेडात नेऊन आपल्या डोळ्यांनी बघा, आणि ज्यांना तो परत करायचा त्यांनी दुकानात यावं. अभिनंदनशेठचा फोन लगोलग आला. ताईंनी तो कापला.

रात्र गेली. सकाळी बाळ रडलं. दवाखान्यात इतकी पोरं रडत होती, पण कामिनी बाकावरून उठलीच. म्हणाली, "हाऊ मन्हा शे." त्या दिवशी तो दूध प्यायला. पिवळेपणा उतरू लागला, तरी डॉक्टरीणबाईंनी दिव्याखालून लवकर सोडलं नाही. ताई रोज दुकान उघडायच्या आधी जाऊन यायच्या. मी कधी सोबत, कधी नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी होते. सकाळचं ऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात आलं होतं. तापीबाई सवयीनं पदर घेऊन बाळाचं तोंड झाकायला पुढे झाली. कामिनीनं तिचा हात बाजूला केला. पोराला घेऊन ती सरळ उन्हात गेली, फडकं उघडलं, आणि कितीतरी वेळ नुसतं बघत राहिली. ताई माझ्या शेजारी उभ्या.

"माय," कामिनी ओरडली, "हाऊ तं काळा शे!"

आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. पोराला उचलून तिनं रूपचंदभाऊंच्या चेहऱ्याशेजारी धरलं, केळीच्या बागेत आयुष्यभर उन्हात राबलेल्या त्या काळ्याभोर चेहऱ्याशेजारी.

"दखा, रक्षाताई! मन्हा बापनागत काळा शे मन्हा पोर्‍या! काळा!"