घरटी दहा भाकरी

यात्रेचा ढोल कानावर आला की ते प्रकरण मला आजही आठवते. तेव्हा माझी नेमणूक कऱ्हाडलगतच्या एका ठाण्यात होती. गाव वाढत जाऊन शहराला चिकटले होते. त्याच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे, माण-जतकडून आलेल्या मेंढपाळांची साठेक घरे होती. वीस वर्षे इथे राहून, इथेच मतदान करूनही ती 'वस्तीवरची माणसे'च होती.

त्या वर्षी यात्रा समितीच्या अध्यक्षांनी ठरवले की पालखीपुढे वस्तीचे ढोल वाजतील. हे अध्यक्ष सैन्यातले निवृत्त सुभेदार. वस्तीचे कारभारी सत्तरीचे, कमी बोलणारे. शांतता समितीच्या बैठकीत दोघांनी हात मिळवले. यंदा बंदोबस्ताला चार माणसे कमी लागतील, असा हिशोब मी तिथेच केला.

यात्रेच्या सकाळी वस्तीतली तीस-चाळीस माणसे कारभाऱ्यांना घेऊन ठाण्यावर आली. कारभाऱ्यांच्या छपरात ठेवलेले पाचही ढोल कुणीतरी फाडले होते.

माणसे अजून बोलत होती तोच खबऱ्याचा फोन आला. आदल्या दिवशी पानपट्टीवर एक तरुण म्हणाला होता, "वाजू तर देत, फाडून टाकतो." तो सुभेदारांचा पुतण्या निघाला. निरोप जाताच सुभेदार स्वतःच त्याला घेऊन आले. पोरगा सैन्यभरतीत पास झाला होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीला होता. गुन्हा दाखल झाला असता तर त्याची नोकरी गेली असती.

"म्हणालास का नाही?"

"म्हणालो, साहेब. आमचं लेझीम मागं ढकललं, त्या रागात. पर फाडलं न्हाईत."

सुभेदार म्हणाले, "केलं आसशील तर वर्दीचं नाव काढू नगंस."

दारातून वस्तीतला एकजण ओरडला, "साहेब, खुर्ची बरी हाय न्हवं त्येला? आमचा आसता तर फरशीवर आसता!"

बोलणे खरे होते. मी पोराला उभे केले आणि दोन्ही पुढाऱ्यांना घेऊन पंचनाम्याला निघालो.

सुडाने फाडणारा मधोमध सुरा घालतो, दोऱ्या तोडतो, लाथा घालतो. इथे चामडे कडेकडेने गोल कापले होते. दोऱ्या शाबूत होत्या, ढोलांच्या लाकडी खोडांवर साधा ओरखडाही नव्हता.

"खोडं किती जुनी?" मी कारभाऱ्यांना विचारले.

"आज्ज्यानं केल्याली."

मी पंचांना बाहेर थांबवले. आत आम्ही तिघेच राहिलो.

"कारभारी, कापणाऱ्यानं खोडं जपलीत."

त्यांनी एका खोडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्याच कापलं."

सुभेदार उसळले. "आवं, का पण? पयला मान दिला तुमाला!"

"मान? काल सांजच्याला तुमची पोरं घरटी धा भाकरी सांगत फिरली. आमच्या वड्यापतुर आली आन् माघारी गेली. ढोल आमचा चालतुय, भाकरी चालत न्हाई. मंग आमी गावकरी का वाजंत्री?"

त्या यात्रेत गावजेवणाला आमटी समितीची आणि भाकरी प्रत्येक घरची असते. सुभेदारांना हे माझ्याहून जास्त ठाऊक होते. ते तिथेच जमिनीवर बसले.

"सांगायचं तरी."

"आमची भाकरी घ्या, आसं कुणी म्हणतं व्हय? आन् वाजवायचं न्हाई म्हणावं, तर पोरं हरखल्याली. त्यास्नी काय सांगू? ढोलच नसलं म्हंजी कुणाला नगं म्हणायला नगं. पर त्या पोराचं नाव यील, ही ध्यानात आलं न्हाई." ते उठले. "त्येचं वाटुळं नगं."

बाहेर जाऊन त्यांनी सगळ्या वस्तीपुढे तेच सांगितले. मी तसे करायला सांगितले नव्हते. एका तरुणाने तोंड फिरवले. "म्हाताऱ्यानं आमचंच नाक कापलं," तो म्हणाला. कारभाऱ्यांनी मान खाली घातली नाही.

सुभेदार उठून बाहेर आले. छपराला टेकवलेली रिकामी पाटी उचलून ते पहिल्या दारात गेले.

"वैनी, धा भाकरी. दुपारपतुर."

आतली बाई जरा थांबली. "आमी बाजरीच्या करतो. चालत्याल का?"

"ज्येला दात हायती त्येला चालत्याल."

कुणीतरी हसले. मग सुभेदार दुसऱ्या दाराकडे वळले.

तक्रारदारांनी तक्रार मागे घेतली, स्टेशन डायरीत नोंद झाली आणि पडताळणीच्या कागदावर मी सही केली. पालखी त्या वर्षी ढोलाविनाच गेली. वस्तीतले काहीजण कारभाऱ्यांशी पुढे बोललेच नाहीत.

निवृत्तीपर्यंत मी शांतता समितीच्या अशा बऱ्याच बैठका घेतल्या. कुणाकुणाला बोलावलंय, हे यात्रेवाले आपणहून सांगत. मिरवणुकीचा मार्ग मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, जेवणाच्या भाकरी कुठल्या कुठल्या घरातून येणार?