भाचीच्या चित्रकाराची चौकशी

आमच्या नात्यात सोयरीक निघाली की मुलाच्या गावी जाऊन चौकशी करायचं काम माझ्याकडे येतं. चेहरा भोळा, पोट पुढे आलेलं, त्यामुळे न्हाव्यापासून पानवाल्यापर्यंत कुणाला माझा संशय येत नाही. निकाल मात्र सांगण्यासारखे नाहीत. एका चुलतबहिणीच्या नवऱ्याला मी छातीठोकपणे निर्व्यसनी ठरवलं होतं. ज्या पानवाल्याने मला तसं सांगितलं, तो त्याचा पत्त्यांचा भिडू निघाला. तरी काम माझ्याकडेच राहिलं, कारण बाकीच्यांना सुटी मिळत नाही.

यंदा माझ्या भाचीने जपानमधला मुलगा पसंत केला. ती तिकडेच नोकरीला आहे. भाऊजी गेल्यापासून ताई मला विचारल्याशिवाय काही ठरवत नाही. म्हणजे विचारते, आणि मग स्वतःचंच करते. जपानात पानवाला कुठे शोधणार? ताईने हुकूम सोडला, "त्यालाच बुऱ्हाणपूरला आण. आठवडाभर डोळ्यांसमोर राहू दे. मग हो की नाही ते सांगीन."

तो आला, बरोबर दुभाषी म्हणून भाची. चाळिशीला टेकलेला, काटकुळा, अबोल. फाटकातच बूट काढून पायऱ्या चढला. चित्रकार होता, आणि तोही आजच्या काळात राहून जुन्या रीतीने चित्रं काढणारा. दगड कुटून केलेले रंग, हाताने केलेला कागद. बॅगेतून पांढऱ्या पुडीची पाकिटं निघाली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

"शिंपल्यांची पूड आहे, मामा. पांढरा रंग असतो तो," भाची म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुमचा चेहरा म्हणाला."

जेवण झाल्यावर मी ओसरीत रीतसर चौकशी सुरू केली. शिक्षण काय, असं विचारलं. तो बराच वेळ जपानीत बोलला. हातवारे केले, मध्येच हसला, मग खाली बघत राहिला. भाची म्हणाली, "चित्रकलेचं कॉलेज केलं. मग गुरूंकडे राहिले."

"बस? एवढ्या बोलण्याचं एवढंच?"

"मामा, इतना ही समझो ना. गुरूंनी आधी कितीतरी वर्षं फक्त ती पूड घोटायला लावली, तेच सांगत होते."

"आणि नाव आहे का त्यांचं?"

हे मात्र तिने त्याला विचारलंच नाही. "खूप आहे. मोठ्या प्रदर्शनांत चित्रं लागतात."

दुसऱ्या दिवशी त्याला बहादरपूरला ताईच्या केळीच्या बागेत नेलं. हिरवीगार झाडं सोडून हा करप्याने वाळलेल्या, फाटक्या पानासमोर बसला आणि दुपारपर्यंत तेच रेखाटत राहिला. शेजारच्या शेतातला एकजण धावत आला. विम्याचे साहेब आले आहेत, अशी त्याची खात्री झाली होती.

"साहेब, माझ्याबी बागेत चला. याच्याहून जास्त नुकसान झालंय."

"अरे भैया, ये तो चित्रकार हैं," भाची म्हणाली.

"मंग रोगाचं पान कशाला काढून राहिले?"

मला त्याचं म्हणणं पटलं. ज्याला चांगलं पान दिसत नाही, त्याच्या हाती मुलगी द्यायची?

खरा घोटाळा तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात झाला. रंग कागदावर चिकटावेत म्हणून तो त्यात एक खळ मिसळतो. तिच्या पिवळसर, पारदर्शक कांड्या त्याने रात्रभर भिजवल्या होत्या. सकाळी तो भाचीला काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ती "हो, हो" अशी मान हलवत होती. मग त्याने गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून ती खळ विरघळवायला घेतली. कोपऱ्यात देवघर. वास विचित्र.

"हे काय गं?" ताईने विचारलं.

"डिंक आहे, आई."

डिंक म्हटल्यावर ताई खूश. हिवाळ्यात तिच्या लाडवांना मोहल्लाभर मागणी असते. तिने एक कोरडी कांडी उचलली, टोक मोडलं आणि चव बघायला तोंडाकडे नेलं. तोच हा माणूस उडी मारून आला आणि त्याने होणाऱ्या सासूचा हात धरला! मी खुर्चीतून उठलो. त्याने आधी दाराबाहेरच्या माझ्या चपलेकडे बोट दाखवलं. मग डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली, आणि स्वच्छ आवाजात हंबरला.

आम्हाला सगळं कळलं. भाषांतराची गरज पडली नाही.

ताईने कांडी खाली टाकली, वाटी अंगणात ठेवली, ओटा धुतला आणि न्हाणीघरात गेली. भाची रडत होती. तो तिला काहीतरी विचारत होता. आवाज चढलेला नव्हता, पण गोड तर अजिबात नव्हता. मी मनातल्या मनात त्याचं परतीचं तिकीट काढून मोकळा झालो.

ताई ओल्या केसांनी बाहेर आली आणि मुलीसमोर बसली. "आता सांग. आणखी काय काय मला डिंक म्हणून सांगितलंस?"

मग सगळं बाहेर आलं. खळ कातड्याची आहे हे आईला सांगितलंस ना, असं तो सकाळी विचारत होता, आणि ही हो म्हणाली होती. मोठ्या प्रदर्शनात तो दरवर्षी चित्र पाठवतो. बहुतेक वेळा परत येतं. स्वतःच्या मनासारखी चित्रं काढायला लागला म्हणून गुरूंशी बिनसलं. आता म्हाताऱ्या माणसांना फुलं काढायला शिकवतो, त्यावर घर चालतं.

"हे त्यालाच सांगू दे. आणि तू शब्द गाळू नकोस," ताई म्हणाली.

त्याने तेच सांगितलं. वर भर घातली, की चांगली पानं त्याने खूप काढली, ती विकलीही गेली. त्या चित्रांकडे बघायची त्याला आता लाज वाटते.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "तुझी चौकशी काय म्हणते?"

"चालूच आहे," मी म्हणालो. ते करप्याचं पान अजून माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"माझी संपली. मुलगा चालेल." मग तिने भाचीकडे बोट केलं. "हिच्यावर लक्ष ठेवायला सांग त्याला. आणि ती खळ गच्चीवर. माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा नको."

भाचीनेच ते त्याला सांगितलं. तो कमरेत वाकला, वाटी उचलली, आणि ती गार झाली आहे का, हे बोटाने बघत जिना चढून गेला.