कोपऱ्यातला पांढरा कुत्रा

सई, फोन जरा कानाजवळ धर. लांब हॅलिफॅक्सला असलीस तरी आजीचं ओरडणं ऐकायचंच. काल व्हिडिओ कॉलवर मला बघताच तू स्वतः काढलेलं चित्र भिंतीकडे फिरवलंस ना? वेडी कुठली. त्यातल्या बाईची उघडी पाठ मला दिसलीच, आणि मी थेट टोरंटोच्या म्युझियममध्ये जाऊन पोचले.

तेव्हा मी नवी सून. मामंजी भारतातून आले होते, त्यांना म्युझियम दाखवायला नेलं होतं. एका दालनात वळलो तर समोर भिंतभर जुनं डच तैलचित्र. डायना ही रोमन देवी आणि तिच्या सख्या आंघोळ करताहेत, अंगावर चिंधी नाही, आणि झाडीतून एक शिकारी बघतोय. शेजारी सासरे उभे. माझे कान तापले. साडीवरच्या कोटाची बटणं मी उगाच गळ्यापर्यंत लावत सुटले.

मामंजी म्हणाले, "सूनबाई, तो कोपऱ्यातला कुत्रा बघ. हुबेहूब आपला मोत्या."

मग आम्ही दोघं बराच वेळ नुसता कुत्राच बघत राहिलो.

अगं, मोत्या काळा कुळकुळीत होता, आणि हा पांढराशुभ्र. लाजेपायी तेव्हा ते माझ्या लक्षातच आलं नाही. आता कळतं, कान त्यांचेही तापले असणार, तरी त्यांनी माझ्या नजरेला टेकायला जागा करून दिली.

चित्र घेऊन लवकर ये गं. फारच लाज वाटली तर कोपऱ्यात एक कुत्रा काढ.