विहिणी सेम टू सेम

आमचं घराणं दिसायला बेताचंच आहे. हे मला जन्मापासून मान्य आहे. आमच्या हिला मात्र मुलाच्या साखरपुड्याच्या तोंडावर ते एकदम अमान्य झालं.

कोल्हापुरात हल्ली मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असून भागत नाही, फोटोत सगळं खानदान गोरं यावं लागतं. (आमच्या पिढ्या उसाच्या फडात उभ्या राहिल्या, त्यामुळे रंग चांगला मुरलेला!) त्यात बस्त्याच्या दिवशी दुकानदारानं घोळ घातला. सध्या विहिणी-विहिणी सेम साडी नेसतात म्हणाला आणि दोघींच्या पदरात एकाच रंगाची पैठणी टाकली. त्यावर कडी म्हणून हिनं विहीणबाईंना आपल्याच पार्लरमध्ये नेलं. तिथल्या मुलीकडे चेहरा एकच होता. येईल तिला ती तोच लावायची.

सुटका माझीही नव्हती. केस काळे झाले, डोक्यावर फेटा चढला आणि कार्यालयाच्या दारात हिनं माझा चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. चष्म्यात मी तिचा काका दिसतो म्हणे! चष्म्याशिवाय मला स्टेजसुद्धा अंदाजानं शोधावं लागतं, पण फोटो महत्त्वाचे.

स्टेजजवळ आमची पैठणी उभी दिसली. मी नवऱ्याच्या हक्कानं शेजारी गेलो आणि हळूच म्हणालो, "जरा पोट आत घे, फोटोवाला आलाय. आणि पोरीची आई बघितलीस काय? मला चष्म्याबिगरसुद्धा पिठाच्या गिरणीतनं उठून आल्यागत दिसतीया."

पैठणी सावकाश वळली.

"व्हय की पावणं. तुमच्या कारभारणीनंच न्हेलतं मला त्या गिरणीत."

आवाज आमच्या हिचा नव्हता. ही मागे नारळ घेऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

विहीणबाई खुर्चीत बसल्या आणि असल्या घरात पोरगी द्यायची न्हाय म्हणून त्यांनी जाहीर केलं. माझा मुलगा मेकअपच्या आतून पांढरा पडला. (एवढा गोरा तो पुन्हा कधी दिसला नाही.) त्याला ती मुलगी मनापासून आवडली होती, आणि बापानं तोंड उघडून सगळ्यावर पाणी फिरवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फेटा काढला, पुढे झालो आणि दिसले त्या पायांवर डोकं ठेवलं.

ते पाय आमच्या हिचे निघाले.

विहीणबाई एवढ्या हसल्या की गालांवरच्या लेपाला चरे पडले. "ह्यास्नी खरंच दिसत न्हाय की," म्हणत त्यांनी मुलीला ओटी भरून घ्यायला पुढे केलं. साखरपुडा झाला. हिला मात्र हसू आलं नाही. मी जिला 'ही' समजलो त्या विहीणबाई वयानं तिच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत, हे मला तेव्हा कळलं.

घरी येऊन हिनं खसाखसा तोंड धुतलं आणि मी तिला लगेच ओळखलं. ती मात्र अजून मला ओळख दाखवत नाही!