टाकीच्या झाकणाला शेंदूर

शत्रूला जे कधी जमलं नाही, ते मी केलं. लष्कराचा एक ट्रक बोटभर शेंदरानं बंद पाडला. तोही स्वतःच्या बापाचा!

आमचे आबा फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर लोक प्लॉट घेतात. आबांनी लिलावात फौजेचा बाद झालेला ट्रक घेतला आणि उधन्यात आमच्या सोसायटीसमोर आणून उभा केला. त्याचे पार्ट बाजारात मिळत नसत. मग आबा भंगारात शोधायचे, नाहीतर लेथवाल्याच्या डोक्यावर बसून बनवून घ्यायचे. माझ्या लग्नात त्यांच्या नखांत ग्रीस होतं. (फोटोत दिसतं. सासरे अजून बोलून दाखवतात.)

शेवटी सोसायटीनं बजावलं, दसऱ्यापर्यंत ट्रक हलवा, नाहीतर भंगारवाला बोलावू. पंधरा ऑगस्टला त्याच ट्रकच्या टपावर चढून फोटो काढणारे हेच ते देशभक्त!

तेवढ्यात बारडोलीच्या एका शाळेचे शेठ देवासारखे भेटले. ट्रक शाळेच्या मैदानात ठेवू म्हणाले, आबांनी येऊन त्याची निगा राखावी. अट एकच, ट्रक स्वतःच्या इंजिनावर यायला हवा. नवमीला पाहुण्यांसमोर स्वागत ठरलं. आबा त्या दिवसापासून पुन्हा हसायला लागले. मला तर त्यांना दात आहेत हेच विसरायला झालं होतं.

पण नवमी म्हणजे खांडेनवमी! सकाळी आबांनी हत्यारांची पेटी मागितली. पाने, पक्कड, जॅक, सगळं देवासमोर झेंडूच्या ढिगाखाली.

"आज हत्यारले हात लावाना नही!" आई कडाडली.

"अगं, वाटेत गाडी अडली तर?"

"देव शे ना!"

फौजेत सुभेदाराला न घाबरलेले आबा निमूट चहा प्यायला लागले.

ट्रकची पूजा माझ्याकडे होती. मी लूम कारखान्यात मास्टर. दर खांडेनवमीला लूमला शेंदूर फासायचा मान माझाच. लूमला कुठंही फासा, ते आपलं खडखडतंच. ट्रकचं तोंड म्हणजे डिझेलची टाकी, असा मी विचार केला. (विचार करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.) टाकीच्या झाकणावर बारीक भोक दिसलं. गंजलं असणार! तेलात कालवलेला शेंदूर मी त्यात अंगठ्यानं दाबून बसवला, वरून छान लिंपलं आणि हार घातला. टाकीत हवा जायला तेच एक नाक होतं, ते बंद तर डिझेलही बंद, हे मला कसं कळावं?

ट्रक डौलात निघाला. आबा ताठ, छातीवर मेडल. पर्वत पाटियाच्या ऐन चौकात इंजिनानं उचकी दिली आणि बंद! मागे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या टेम्पोंची रांग लागली.

"फौजी काका, बॉर्डर इधर नहीं है!" एक टेम्पोवाला ओरडला.

आबा बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "डिझेल येत नाही. टाकीच्या झाकणाला कुणी हात लावला होता का रे?"

"नाही आबा. मी फक्त पूजा केली."

"जा, बघून ये."

मी हार बाजूला करून पाहिलं. शेंदूर जागच्या जागी होता. "एकदम व्यवस्थित आहे!" मी ओरडलो.

थोड्या वेळानं स्टार्टर मारताच ट्रक सुरू झाला. कडोदऱ्याला पुन्हा बंद. नजर लागली म्हणून मी चाकाखाली लिंबू ठेवलं. आबांनी एक पाना असता तर काय काय केलं असतं ते मला सांगितलं. त्यातलं बरंचसं माझ्यावरच करायचं होतं. बारडोलीच्या साखर कारखान्याजवळ मात्र ट्रक बसला तो बसलाच. बॅटरीही गेली. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो.

शेठ हार घेऊन उभे होते. "काका, आ तो दोरडे बांधेली आवी!" त्यांनी हार शिपायाकडे दिला. मग हळूच म्हणाले, "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. ओळखीचा भंगारवाला आहे, बोलावू?"

आबांनी मेडल काढून खिशात टाकलं. मला रडू आलं. ते मी घामात खपवलं.

ट्रक ढकलून फाटकाबाहेर काढावा लागला. दसऱ्याच्या सकाळी भंगारवाला तिथंच आला. (आमच्याच उधन्याचा निघाला!) ट्रक तुझा, असा आबांनी त्याला शब्द दिला. मग डिझेल किती उरलंय ते बघायला त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीनं असा श्वास घेतला, की तो दोन पावलं मागे सरला. आबांनी झाकण हातात घेतलं. भोकातला शेंदूर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"धक्का मारा," एवढंच बोलले.

एका धक्क्यात इंजिन गरजलं! मी नाचायलाच लागलो. "आबा, फाटक उघडायला लावतो! शेठना दाखवू!"

"नाही म्हणणाऱ्याच्या दारात मी पुन्हा उभा राहणार नाही. आणि याला शब्द दिलाय. बस गाडीत."

झाकणाऐवजी टाकीला फडकं बांधलं. कडोदरा गेलं, पर्वत पाटिया गेला, ट्रक साधा खोकलासुद्धा नाही. आयुष्यात कधी धावला नव्हता इतका सुरेख धावला, थेट उधन्याच्या भंगारात! गॅस कटर पेटला तेव्हा आबा पाठ करून उभे होते.

ते झाकण मात्र त्यांनी घरी आणलं. दर खांडेनवमीला ते पाने-पक्कडीशेजारी देवासमोर बसतं. आधी आबा त्याच्या भोकात काडी घालून बघतात, मग आई घरातल्या एकेकाला शेंदूर लावायला बोलावते. माझी पाळी आली की वाटी उचलून वर ठेवते आणि माझ्या हातावर प्रसाद देते.

"खा," म्हणते, "आणि हात मांगे ठेव!"