सत्काराचा पेढा

आयुष्यभर मधुमेहावर संशोधन केलेल्या माणसाचाही सत्कार आपण पेढा भरवूनच करतो. त्या सकाळी अशाच एका डॉक्टरांच्या सत्कारासाठी त्यांच्या संस्थेत आम्ही सगळे पाहुण्यांची वाट पाहत होतो. संशोधनासाठी रक्त द्यायला उपाशीपोटी आलेल्या बायका मागच्या रांगेत ताटकळल्या होत्या, कारण रक्त घेणाऱ्या मुली स्वागताच्या रांगोळीत अडकल्या होत्या.

"मावशी, घोटभर चहा तरी घ्या," मी शेजारच्या बाईंना म्हटलं.

"नको बाबा, डॉक्टरांचा आकडा चुकायचा."

पाहुणे उशिरा आले आणि मानवसेवेवर बोलतच राहिले. शास्त्राची मोजमापं उपाशी पोटावर होतात, गौरव मात्र भरल्या पोटी होतो. मावशींना दरदरून घाम फुटला होता आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

अखेर पाहुण्यांनी पेढा उचलला. "सर, इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. तेवढ्यात मावशी खुर्चीतून कलंडल्या.

"साखर उतरलीय त्यांची!" डॉक्टर ओरडले. पाहुण्यांच्या हातातला पेढा हिसकावून ते धावले आणि त्यांनी तो मावशींना भरवला.

"आणि आकडा?" त्या पुटपुटल्या.

"खड्ड्यात गेला आकडा. आधी खा."

मंचावर पाहुण्यांचा रिकामा हात फोटोसाठी अजून तसाच वर होता.